कंपवात, बिनदांडीची सायकल आणि मागे घेतलेली एक तक्रार

मला कंपवात झाला आहे. डॉक्टर त्याला पार्किन्सन म्हणतात. हे पहिल्याच ओळीत लिहितो, कारण हीच गोष्ट मला सांगताना लोकांनी इतकी आडवळणे घेतली की शेवटी मलाच त्यांना विचारावे लागले, मुद्दा काय आहे? ज्यांना नुकतेच हे निदान सांगण्यात आले आहे, किंवा ज्यांच्या घरात ते सांगण्यात आले आहे, त्यांच्यासाठी हे निवेदन आहे. यात वैद्यकीय माहिती नाही. ती आपल्या डॉक्टरांकडून घ्यावी, आणि शक्य तर लेखी घ्यावी. यात आहे ते मी स्वतः पाहिलेले आणि भोगलेले आहे. जिथे माझी चूक होती, तिथे ती चूक म्हणूनच नोंदवली आहे.

सायकल

वाळूजच्या एका कारखान्यातील कामगार विभागात मी बत्तीस वर्षे नोकरी केली. बजाजनगरच्या कामगार वस्तीत राहणाऱ्या किती माणसांना मी कारणे दाखवा नोटिसा लिहिल्या, याची मोजदाद नाही. त्या काळात कारखान्याची बस उस्मानपुऱ्यातील आमच्या गल्लीच्या तोंडाशी यायची आणि तिथेच आणून सोडायची. निवृत्त झाल्यावर बस बंद झाली. अठ्ठावन्नाव्या वर्षी मी सायकल विकत घेतली: काळी, उंच, दांडीची.

शाळा सुटल्यापासून मी सायकलला हात लावला नव्हता. शेजाऱ्यांनी विचारले, स्कूटर विकली का? नातेवाइकांनी विचारले, डॉक्टरांनी सांगितले का? मी सर्वांना एकच उत्तर देत असे: सायकलला परवाना लागत नाही, विमा लागत नाही आणि कोणाची परवानगी लागत नाही. शेवटची बाब पुढे खोटी ठरली, पण त्या वेळी मी ती खरी मानून सांगत होतो.

दूध, बँक, वाचनालय, भाजी, सगळे सायकलवर. रविवारी सकाळी मकई गेटमधून पुढे मकबऱ्याच्या रस्त्याला जाऊन परत. आणि जवळजवळ रोज एखाद्या कार्यालयात एखादे पत्र. रस्त्यावरचे उघडे चेंबर, चुकीच्या वेळी बदलणारे सिग्नल, पदपथावर ठेवलेली दुकाने, या विषयांवर मी पत्रे लिहितो. हाताने लिहितो, खाली कार्बन ठेवतो, स्वतः नेऊन देतो आणि दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का मारून घेतो. त्या शिक्क्याच्या प्रतीला आम्ही पोच म्हणतो. ज्याच्याकडे पोच नाही, त्याने पत्र दिलेलेच नाही, असे मी कारखान्यात शिकलो. माझ्या कपाटात पोच लावलेल्या फायली वर्षवार आहेत. माझी पत्नी कुसुम त्या कपाटाला "तुमचं देवघर" म्हणते.

आवक टेबल

एका कार्यालयाच्या आवारात मोटारी आणि दुचाकी उभ्या करण्यासाठी छप्पर होते, परंतु सायकलसाठी जागा नव्हती. पहारेकरी मला सायकल फाटकाबाहेर नालीवर उभी करायला लावत असे. कार्यालयाचे नाव मुद्दाम देत नाही. सायकलींसाठी स्टँड असावा, या मागणीचे मी तिसरे पत्र घेऊन गेलो, तेव्हा आवक टेबलावर नसरीन शेख नावाच्या बाई होत्या. तिशीच्या आतल्या, नेहमी नीट बोलणाऱ्या. माझी आधीची कितीतरी पत्रे त्यांनीच स्वीकारली होती.

त्यांनी पत्र हातात घेतले, डोळ्यांजवळ नेले, खिडकीकडे धरले.

"काका, हे वाचताच येईना बघा. मुंगीएवढं अक्षर झालंय. टाईप करून आणता का?"

मी म्हणालो, हस्तलिखित अर्ज नाकारण्याचा अधिकार आपल्याला कोणत्या नियमाने मिळाला, तो नियम दाखवा.

त्यांनी पत्र टेबलावर ठेवले. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "नियमाचं नाही हो. तुमचं अक्षर आधी असं नव्हतं. मोठं, ठसठशीत यायचं. डॉक्टरला दाखवा एकदा. वाईट नका वाटून घेऊ."

मागे रांगेत पाच-सहा माणसे होती. त्यांतला कोणीतरी हसला. मी तसाच घरी आलो आणि दुसऱ्या दिवशी त्या बाईंविरुद्ध दोन पानी तक्रार त्यांच्या वरिष्ठांकडे दाखल केली: ज्येष्ठ नागरिकाचा सार्वजनिक ठिकाणी अपमान, त्याच्या प्रकृतीविषयी अनाहूत शेरेबाजी, कर्तव्यात कसूर, सबब शिस्तभंगाची कारवाई व्हावी. ती तक्रार मात्र मी टाईप करून घेतली होती. तेवढ्यावरूनही मला काही कळले नाही.

पडणे

त्यानंतर महिनाभराने मी घराच्या उंबऱ्यात पडलो. बाहेर जायला निघालो, पाय उचलायला गेलो, आणि दोन्ही पाय फरशीला चिकटल्यासारखे थांबले. अंग मात्र पुढे गेले. समोर पोर्चमध्ये सायकल स्टँडवर उभी होती. मी तिच्यावर कोसळलो आणि ती माझ्यावर. आवाज ऐकून कुसुम धावत आली, तेव्हा मी सायकलखाली होतो, डावा हात मनगटात वाकडा झाला होता आणि वरचे चाक अजून फिरत होते.

त्या फिरत्या चाकाने माझी बाजू कायमची कमकुवत केली. सायकल स्थिर होती, मी तिच्यावर बसलेलोच नव्हतो, हे मी त्याच अवस्थेत दोनदा सांगितले. साक्षीदार कोणी नव्हता. अर्ध्या तासात सबंध गल्लीत झाले की पाटीलकाका सायकलवरून पडले.

निदानाचा दिवस

मनगटात धातूची पट्टी बसवण्यासाठी मला खासगी रुग्णालयात चार दिवस ठेवले. तिसऱ्या दिवशी हाडांच्या डॉक्टरांनी मेंदूविकाराच्या डॉक्टरांना बोलावले. त्या आमच्या मीनलच्या वयाच्या असतील. मीनल ही आमची मुलगी, शेंद्र्याच्या एका कारखान्यात अभियंता आहे. त्या दिवशी ती रजा घेऊन आली होती.

डॉक्टरांनी मला बोटे एकमेकांवर आपटायला सांगितले, उजवे मनगट वळवून पाहिले, वॉर्डच्या दारापर्यंत चालवले. दाराशी माझे पाय पुन्हा अडकले. मग त्या कुसुम आणि मीनलकडे वळून हळू आवाजात बोलू लागल्या. "बाबांना" हा शब्द मला तीनदा ऐकू आला.

मी म्हणालो, "रुग्ण मी आहे. जे सांगायचं ते मला सांगा."

त्यांनी माझ्याकडे पाहिले, स्टूल ओढले, माझ्या डोळ्यांच्या पातळीवर बसल्या आणि म्हणाल्या, "चुकलं माझं. तुम्हाला पार्किन्सन आहे. तो बरा होत नाही. पण तो आवरता येतो, आणि तुमच्यासारखी माणसं पुष्कळ वर्षं कामं करत राहतात." मी लेखी मागितले. त्यांनी केसपेपरवर लिहून खाली सही केली आणि तारीख टाकली. त्यांच्याविषयी माझ्या मनात जो आदर आहे, तो तेव्हापासूनचा.

लक्षणे कधीपासून आहेत, असे त्यांनी विचारले. कोणालाच नेमके सांगता येईना. कुसुम म्हणाली, चार महिने. मीनल म्हणाली, दिवाळीपासून. अंदाजाने दिलेली साक्ष मला मान्य होण्यासारखी नव्हती. मी मीनलला घरी पाठवून पोचेच्या फायली मागवल्या.

तिने त्या पलंगावर क्रमाने मांडल्या. सुरुवातीच्या वर्षांतली पत्रे लांबूनही वाचता येत होती. तीन वर्षांपूर्वीच्या पत्रांत ओळीच्या शेवटाकडे अक्षर थोडे दबले होते. दोन वर्षांपूर्वी ओळीच्या मध्यापासून. शेवटच्या फायलीत ओळीची सुरुवातच बारीक होती आणि शेवट म्हणजे नुसती हललेली रेघ. प्रत्येक पानावर तारखेचा शिक्का होता. डॉक्टर बराच वेळ ती पाने पाहत राहिल्या. एवढा नीट पुरावा आजवर कोणत्याच रुग्णाने आपल्यासमोर ठेवला नव्हता, असे त्या म्हणाल्या. आनंद व्हावा असा तो प्रसंग नव्हता, तरी मला थोडा झाला.

कुसुम पलंगाच्या कडेला बसली होती. ती म्हणाली, "मला वाटलं तुम्ही कागद वाचवताय."

मग ती रडली. मला मात्र त्या वेळी खिडकीकडे पत्र धरून उभी असलेली आवक टेबलावरची बाई दिसत होती. घरच्यांना जे तीन वर्षांत दिसले नाही, ते तिला दिसले होते. तिने ते हळू आवाजात सांगितले होते. आणि मी तिच्यावर कारवाई मागितली होती.

वॉर्ड

रुग्णालयाच्या दिनक्रमाविषयी माझ्या तक्रारी आहेत, त्या मी तिथल्या वहीत लिहून आलो आहे. पहाटे दिवे लावून ताप बघणे अनावश्यक आहे. चहा गार असतो. भेटीला येणारे रुग्णाच्या डोक्यावरून एकमेकांशी बोलतात. परंतु गोळी ठरलेल्या मिनिटाला देणाऱ्या परिचारिकेविषयी माझी तक्रार नाही. या आजारात गोळीची वेळ म्हणजे न्यायालयाची तारीख समजावी. चुकली की प्रकरण पुढे ढकलले जाते आणि मधल्या काळात पाय ऐकत नाहीत.

वॉर्डात झाडलोट करणाऱ्या आणि रुग्णांना धरून नेणाऱ्या एक मावशी होत्या. स्वच्छतागृहाच्या दाराशी माझे पाय अडले, की इतर लोक मागून ढकलत किंवा दंडाला धरून ओढत. त्याने मी आणखी घट्ट व्हायचो. मावशींनी तसे केले नाही. त्यांनी आपला पाय माझ्या पावलांपुढे आडवा ठेवला आणि म्हणाल्या, "व्हय, आता ह्येच्यावरून टाका पाय. नाली हाय असं समजा."

माझा पाय उचलला गेला. मी दार ओलांडून आत गेलो. हे कुठे शिकलात, असे मी विचारले. त्या म्हणाल्या, "सासऱ्याला व्हतं हेच. मेंढरं वळायला काठी असायची त्याची. तीच आडवी टाकायचो." नंतर डॉक्टरांनी सांगितले की ही युक्ती त्यांच्या पुस्तकांतही आहे. मावशींनी कोणतेही पुस्तक वाचलेले नव्हते. कुसुम दाराशी उभी राहून हे पाहत होती.

भीतीविषयी लिहिले पाहिजे. मला मरणाची भीती वाटली नाही. मला भीती वाटली ती बँकेतली सही जुळणार नाही याची. आरशात चेहरा कोरा दिसत होता; मी रागावलो तरी तो रागावलेला दिसत नव्हता, ही गोष्ट मला फार लागली. आणि सर्वांत मोठी भीती म्हणजे, यापुढे माझ्याविषयी बोलले जाईल, माझ्याशी नाही. ही भीती ज्यांना वाटते, त्यांनी ती घरच्यांना सांगावी. मी सांगितली नाही, भांडलो. त्यात दोन महिने वाया गेले.

कुलूप

घरी आलो तेव्हा सायकलला साखळी आणि कुलूप होते. किल्ली कुसुमकडे. उंबऱ्याच्या आत आणि बाहेर मात्र पांढऱ्या रांगोळीच्या आडव्या रेषा होत्या, वीतभर अंतरावर, सहा आत आणि सहा बाहेर. मावशींचा आडवा पाय तिने असा घरी आणला होता. सणावाराला ठिपके मोजून रांगोळी काढणारी बाई आता रोज सकाळी नुसत्या रेषा ओढत होती. पुसल्या की पुन्हा ओढत होती. त्या रेषांवरून माझे पाय शिस्तीत जात. ज्या हाताने रेषा ओढल्या, त्याच हाताने किल्ली लपवली, हे मला एकाच वेळी समजत नव्हते.

भौतिकोपचाराच्या खोलीत एक जागच्या जागी फिरणारी सायकल होती. मनगट भरून आल्यावर मला तिच्यावर बसवले. दारातून आत येताना ज्याचे पाय दोनदा थांबले होते, तो माणूस पॅडलवर पाय ठेवताच सरळ, एका लयीत, न अडखळता वीस मिनिटे सायकल मारत राहिला. भौतिकोपचारक मुलगी हसत होती. मी डॉक्टरांना कारण विचारले. त्या म्हणाल्या, काही रुग्णांत असे होते. चालणे अडते, पण पॅडलची फिरकी पायांना पुढचा इशारा देत राहते. त्यांनी पुढे स्पष्ट बजावले की, प्रत्येकाला हे लागू नाही, तोल तपासल्याशिवाय रस्त्यावर जायचे नाही. हे मीही बजावतो. माझे वाचून कोणी परस्पर सायकल काढू नये.

मी घरी येऊन ही माहिती विजयी पक्षाच्या आवेशात कुसुमला दिली. ती म्हणाली, ती सायकल भिंतीशी उभी असते, तिच्या मागून ट्रक येत नाही. मी म्हणालो, तू माझी पत्नी आहेस, पोलीस नाहीस. ती म्हणाली, "पोलीस असते तर त्या पत्रांवरून आधीच धरलं असतं तुम्हाला." त्यावर मी चहाचा कप आपटला. कप फुटला. हात थरथरला म्हणून फुटला, असे मला म्हणता आले असते. तसे नव्हते.

सूचनापत्र

मग एके दिवशी टपालाने त्या कार्यालयाचे पत्र आले. नसरीन शेख यांना माझ्या तक्रारीवरून कारणे दाखवा नोटीस देण्यात आली होती. चौकशी होणार होती. येत्या गुरुवारनंतरच्या गुरुवारी तक्रारदार म्हणून मी समक्ष उपस्थित राहून म्हणणे मांडावे.

ती नोटीस मी डोळ्यांसमोर आणू शकत होतो. तिची भाषा मला तोंडपाठ होती. बत्तीस वर्षे मीच ती लिहीत होतो. ती हातात पडल्यावर माणूस कसा उभा राहतो, तेही मी पाहिले होते. कागद घडी करून खिशात घालताना त्याचे बोट घडीवरून पुन्हा पुन्हा फिरते.

तक्रार मागे घ्यायची, हे ठरायला वेळ लागला नाही. प्रश्न जाण्याचा होता. मीनल म्हणाली, मी मोटारीने नेते. कुसुम म्हणाली, टपालाने पाठवा. दोन्ही सूचना व्यवहार्य होत्या आणि मी दोन्ही नाकारल्या. त्या बाईविरुद्ध तक्रार द्यायला मी माझ्या सायकलवर, माझ्या पायांनी गेलो होतो. ती मागे घ्यायला कोणीतरी मला उचलून नेऊन ठेवावे, हे मला मंजूर नव्हते. आजारी आहे म्हणून मागे घेतली, असे त्या बाईंना वाटू नये. चूक होती म्हणून मागे घेतली, असे वाटावे. आणि खरे सांगायचे, तर या एका फेरीला मी मोटारीत बसलो, की पुढच्या सगळ्या फेऱ्या मोटारीच्याच होतील, हे मला स्वच्छ दिसत होते.

मी जे करू शकत होतो, ते केले. अर्ज लिहिला. अक्षर मोठे राहावे म्हणून डॉक्टरांनी पहिलीतल्या मुलांची दुरेघी वही वापरायला सांगितली होती. दोन रेघा गाठेपर्यंत प्रत्येक अक्षर ओढायचे. त्या वहीच्या पानावर, कार्बन ठेवून, मी माझ्या पत्नीच्या नावाने अर्ज लिहिला. विषय: सायकलची किल्ली परत मिळणेबाबत. कारणे सविस्तर दिली. कप फोडल्याबद्दल दिलगिरी स्वतंत्र परिच्छेदात व्यक्त केली. जी भीती मी तोपर्यंत तिला सांगितली नव्हती, ती शेवटच्या परिच्छेदात लिहिली. अर्ज तिच्या हातात दिला आणि पोच मागितली. तिने दुसऱ्या प्रतीवर कुंकवाचे बोट टेकवले.

दोन दिवस काही उत्तर नव्हते. तिसऱ्या दिवशी अर्ज माझ्या ताटाशेजारी होता, समासात तिचा शेरा:

"डॉक्टर तपासून हो म्हणाल्या तर. दांडीची सायकल नको. गोळीचा असर असेल तेवढ्या तासांतच जायचं. मोठ्या रस्त्यानं नाही. आधी माझ्यासमोर मैदानावर चालवून दाखवायची. प्रत्येक वेळी परत आल्यावर किल्ली माझ्याकडे."

डॉक्टरांनी मला एका रेषेवर चालवले, मागून खांद्याला झटका देऊन पाहिले, वळायला लावले, आणि होकार दिला. शिरस्त्राण आवश्यक, असे लिहूनही दिले.

दांडी

उरली दांडी. पीर बाजाराजवळ गोरख नावाचा सायकल दुरुस्त करणारा आहे. शेंद्र्याकडच्या एका गावचा, त्याच्या घरी अजून मेंढ्या आहेत. माझी काळी सायकल तो पहिल्या दिवसापासून सांभाळतो. मी त्याला परिस्थिती सांगितली आणि विचारले की दांडी कापून खाली जोडता येईल का. त्याने सायकलीभोवती एक फेरी मारली.

"सायेब, दांडी कापली तर सायकल मोडंल. सायकलच बदला. ही बघा, लेडीज. लई मजबूत हाय."

ती निळी होती. पुढे टोपली होती. मी टोपलीकडे पाहत राहिलो.

गोरख म्हणाला, "दांडीत काय ठिवलंय, सायेब? चढता समद्यालाच येतं. उतरता आलं पायजे मानसाला."

मी टोपली काढायला सांगितली. पुढे विचार करून राहू दिली. कागद ठेवायला सोयीची होती.

शनिवारी सकाळी मैदानावर कुसुम हातात पर्स आणि पाण्याची बाटली घेऊन उभी राहिली. जणू मी परीक्षेला बसणार होतो आणि ती पालक होती. मी दांडीअभावी सहज बसलो. पहिले पॅडल जड गेले, दुसरे कमी, तिसऱ्यानंतर पाय आपले काम करू लागले. इतक्या महिन्यांत प्रथमच वारा तोंडावर आला आणि तो माझ्याच वेगाने आला होता. एक फेरी पूर्ण करून मी तिच्यासमोर थांबलो, पाय खाली टेकला, उतरलो. 

मी विचारले, काय निर्णय?

"परत एक मारा," ती म्हणाली. "नीट बघितलं नाही."

तिने मला पाच फेऱ्या मारायला लावल्या. चौथ्या फेरीला ती बाकावर बसून पाणी पीत होती.

गुरुवार

नऊ वाजता गोळी घेतली. दहाला रांगोळीच्या रेषा ओलांडून बाहेर आलो. टोपलीत प्लास्टिकच्या पिशवीत कागद. उस्मानपुऱ्याच्या आतल्या गल्ल्यांनी क्रांती चौकापर्यंत गेलो. चौक मी सायकल हातात धरून ओलांडला. हा अटींचा भंग होत नाही, उलट काटेकोर पालन होते. पुढे पुन्हा आतल्या रस्त्याने. एका रिक्षावाल्याने मागून भोंगा वाजवला. मी हात दाखवून त्याला थांबवले आणि सायकलच्या हक्काविषयी एक वाक्य सांगितले. बरे वाटले.

पहारेकऱ्याने सायकल नालीवर लावायला सांगितली. मी लावली. त्या दिवशी भांडण्याचा विषय वेगळा होता.

आणि मग कार्यालयाच्या दारात माझे पाय थांबले.

ज्यांना हे झाले आहे, त्यांना ते सांगायला नको. समोर मोकळे दार, आत दहा पावलांवर टेबल, आणि पाय आपले नाहीत. मागून कोणीतरी म्हणाले, चला ना काका. मी गुळगुळीत फरशीकडे पाहत होतो. तिच्यावर एकही रेघ नव्हती. मान वर केली, तेव्हा नसरीन शेख माझ्याकडे पाहत होत्या. मी त्यांच्याविरुद्ध साक्ष द्यायला आलो आहे, असेच त्यांना वाटत असणार. तरी त्या उठल्या, दारापर्यंत आल्या आणि त्यांनी हात पुढे केला.

मी म्हणालो, "हात नको. पायापुढे काहीतरी आडवं ठेवा. मला ते ओलांडायचं आहे."

त्यांनी कारण विचारले नाही. वळल्या, टेबलावरची लाकडी पट्टी आणली आणि वाकून माझ्या पावलांपुढे ठेवली. मी ती ओलांडली. त्यांनी ती उचलून पुढे ठेवली. मी पुन्हा ओलांडली. असे चार-पाच वेळा करून आम्ही टेबलापाशी पोहोचलो. रांगेतले कोणी हसले नाही. हसले असते तरी मला त्याचे काही नव्हते.

मी पहिला कागद दिला. तक्रार मागे घेत असल्याचा. त्यात लिहिले होते: सदर कर्मचाऱ्याने अपमान केला नाही. जे माझ्या लक्षात यायला हवे होते, ते तिने माझ्या आधी ओळखले आणि सभ्यपणे सांगितले. तिचे म्हणणे खरे ठरले; सोबत डॉक्टरांच्या कागदाची प्रत जोडली आहे. कसूर तक्रारदाराची आहे.

त्यांनी तो शेवटपर्यंत वाचला. पुन्हा वाचला. मग म्हणाल्या, "काका, हे माझ्याच प्रकरणाचं आहे. मी कशी आवक घेऊ?"

"घ्या," मी म्हणालो. "आवक टेबलाचं काम नोंद घ्यायचं आहे, निर्णय द्यायचा नाही."

त्या थोड्या हसल्या आणि त्यांनी शिक्का मारला. मी दुसरा कागद काढला: आवारात सायकलींसाठी स्टँड मिळणेबाबत, चौथे स्मरणपत्र. त्यांनी तो खिडकीकडे नेला नाही. टेबलावर ठेवूनच वाचला.

"हे वाचता येतंय," त्या म्हणाल्या. "मोठं आलंय अक्षर."

"दुरेघी वही आहे."

"असू द्या. माझा पोरगाबी त्याच्यातच लिहितो." त्यांनी दोन्ही पोच माझ्या हातात दिल्या. "आणि काका, शुक्रिया. डॉक्टरकडं गेलात."

चौकशी अधिकाऱ्यासमोर मी दोन वाक्ये बोललो आणि बाहेर आलो. येताना पट्टी लागली नाही. कधी लागते, कधी नाही. हा आजार तसा आहे.

सायकल नालीवर होती तशी होती. मी बसलो आणि आलो त्याच रस्त्याने निघालो. गोळीचे तास अजून संपले नव्हते.

घरी पोहोचलो, तेव्हा उंबऱ्याजवळच्या रेषा ताज्या होत्या. सकाळच्या माझ्या पायाने विस्कटल्या होत्या, त्या तिने पुन्हा ओढल्या होत्या, या वेळी आत येण्याच्या बाजूने आधी. कुसुमने आधी पोच मागितली. मी दाखवल्या. तिने शिक्का आणि तारीख पाहिली, कागद फाईलमध्ये लावले. मग मी अटीप्रमाणे किल्ली पुढे केली.

तिने ती घेतली नाही. "राहू द्या तुमच्याकडे," म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली.

ती अट तेव्हापासून रद्द समजावी, असे तिने लेखी दिलेले नाही. मी मागितलेलेही नाही.